सहाचा फोन

समन्वयक बाईंना चारची वेळ दिली होती. त्या पावणेचारलाच आल्या आणि ताईनं आठवडाभर मनात रचलेला बेत दारातच कोसळला. दादा-वहिनी अजून यायचे होते, आई ओले केस मोकळे सोडून बसली होती, आणि ज्याच्यासाठी ही सगळी मंडळी जमणार होती तो छटाक जिन्याच्या तोंडाशी बॅग घेऊन उभा होता. बॅग त्यानं चार दिवसांपूर्वीच भरली होती. जायचं होतं पुढच्या शनिवारी.

"अरे, आज नाही जायचं," ताई म्हणाली.

"माहितीये. बाईंना दाखवायचीये."

छटाक हे नाव बाबांनी ठेवलेलं. खाली वजनकाट्यांचं दुकान, आजोबांनी काढलेलं. तिथल्या जुन्या वजनांतल्या सगळ्यात चिमुकल्या वजनाएवढं मूल जन्माला आलं म्हणून छटाक. पुढे तो चव्वेचाळीस वर्षांचा आणि ब्याण्णव किलोंचा झाला, नाव मात्र तेवढंच राहिलं. 'समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी' असं एका डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद घरच्यांनी इतक्या जणांना दाखवला होता की सगळ्यांना तोंडपाठ होता. कागद लिहिला तेव्हा छटाक नऊ वर्षांचा होता, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नसे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन पंधरा तारखेला होतं. त्यानंतर तिला चार महिने तरी जिना चढता-उतरता येणार नव्हता, आणि वय अठ्ठ्याहत्तर, तेव्हा चार महिन्यांचं काय होईल ते कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. नदीपलीकडच्या ज्या घरातून बाई आल्या होत्या, तिथे सहा जण राहतात. सगळे छटाकसारखे, म्हणजे एकमेकांसारखे अजिबात नाहीत, पण सगळ्यांना थोडी थोडी मदत लागते. प्रत्येकाला स्वतःची खोली आणि स्वतःची चावी. छटाकचं नाव आठ वर्षं यादीत होतं. गेल्या महिन्यात जागा निघाली. छटाक तीनदा जाऊन आला, खिडकीची खोली त्यानं स्वतः निवडली, आणि चावी तेव्हापासून दोरीनं गळ्यात होती. आंघोळ करतानाही ती काढायला तो तयार नव्हता.

चार वाजता दादा आणि वहिनी आले. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढतो. कुठल्याही खोलीत शिरला की भिंतीलगतची खुर्ची पकडतो आणि बोलावल्याशिवाय बोलत नाही. वहिनी त्याच्या शेजारी बसली आणि तिनं नेहमीप्रमाणे आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते.

"तर," बाईंनी एक कागद टेबलावर ठेवला, "बाकीचा फॉर्म ताईंनी भरलाय. हे एक पान मात्र यांनी स्वतः सांगायचं. मी फक्त लिहिणार." त्या छटाककडे वळल्या. "तुम्हाला काय आवडतं?"

छटाकनं मागे वळून पाहिलं. त्याला अहो-जाहो करणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

"वजनं," तो म्हणाला.

"अजून?"

"वजनं पुसायला."

"त्याला गाणीपण आवडतात," ताई म्हणाली.

"ताईला आवडतात," छटाक म्हणाला. बाईंनी गाणी लिहिली नाहीत.

राग कशाचा येतो? चहात बिस्किट तुटून पडलं की. भीती कशाची वाटते? लिफ्टची. मदत कशात लागते? बुटाची नाडी, गॅस, आणि लोक भरभर बोलतात तेव्हा. कशात लागत नाही? यावर छटाक बराच वेळ बोलला. काटा कसा समपातळीत लावायचा, पारड्याला गंज चढला तर काय करायचं, वजन हातात घेतल्यावर ते झिजलंय हे कसं कळतं. दुकानाचं सामान काढून टाकलं तरी बाबांची ठेवणीतली वजनपेटी अजून खालीच होती. अठरा पितळी वजनं, प्रत्येकाचा आपला खळगा. छटाक ती रोज साडेचार ते सहा पुसत असे. इतक्या पुसण्यानं ती आता नक्कीच थोडी हलकी झाली असतील, असं दादा एकदा म्हणाला होता, आणि छटाक दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "रोज काय व्हायलाच हवं? जे चुकलं तर दिवस बिघडतो असं काही?"

छटाकनं दादाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सहाचा फोन."

"कोणाचा फोन?"

त्यानं पुन्हा दादाकडे पाहिलं. "बाबांचा."

बाईंनी लिहिलं आणि त्यांचं पेन थांबलं. त्यांनी फॉर्मची मागची पानं उलटली. 'वडील: हयात नाहीत. संबंधित व्यक्तीला याची कल्पना आहे का?' त्यापुढे 'हो'वर ठसठशीत खूण. खूण ताईची होती.

"साडेचार झाले," छटाक म्हणाला, उठला आणि वजनं पुसायला खाली गेला.

त्याची पावलं जिन्यावरून उतरून जाईपर्यंत बाई थांबल्या. आपण शिकवतो त्या शाळेत एखाद्या मुलीला कॉपी करताना पकडलं की तिचा चेहरा कसा होतो ते ताईला पक्कं ठाऊक होतं, आणि आत्ता आपला तसाच झाला असणार हेही.

"हा फोन कोण करतं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून प्रश्न जास्त लागला.

"मी," दादा म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं होतील."

"झाली. गेल्या महिन्यात," वहिनी म्हणाली.

"मला वाटलं होतं हे केव्हाच बंद पडलं," ताई म्हणाली. तिला असं अजिबात वाटलं नव्हतं. रविवारी ती इथे असली आणि सहाला पाच कमी असताना दादा 'पाय मोकळे करून येतो' म्हणून उठला, की ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत असे.

"याचा आवाज बाबांसारखाच आहे," आईनं खुलासा केला. "दोघांनी आळीपाळीनं हाक मारली तर मी दोनदा एकालाच ओ द्यायचे. आणि त्यात कोणाचं काय वाईट झालं? पोरगं सुखात आहे."

"त्यांना वडील वारल्याचं कधी सांगितलं?"

"सांगून काय उपयोग? त्याला मरण कळत नाही."

"हे कसं ठरवलंत?"

आईला हा प्रश्न उद्धट वाटला. "बाबा गेले तेव्हा खाली त्यांच्याजवळ तोच होता. वर आला, म्हणाला, बाबा उठत नाहीत. बस. मी खाली धावले, वर धावले, आणि थोड्या वेळानं बघते तर हात धुऊन हा चहाला बसलेला. बाप गेलाय हे कळलेलं माणूस चहा पीत बसतं का?"

"नंतर तो माझ्याकडे चार दिवस होता," ताई म्हणाली. "एक अक्षर बोलला नाही. मीही विषय काढला नाही."

"म्हणजे त्यांना कोणी विचारलं नाही."

"काय विचारायचं?" आई म्हणाली.

बाईंनी फॉर्म मिटवला. "हे बघा, मी तुम्हाला दोष द्यायला आलेले नाही. पण शनिवारनंतर सहा वाजता ते माझ्याकडे असतील. फोन आला नाही आणि त्यांनी विचारलं, तर माझ्याकडच्या मुलींनी काय सांगायचं? आमच्याकडे राहणाऱ्यांशी आम्ही खोटं बोलत नाही. एवढी एकच गोष्ट आमच्या हातात असते. हा फॉर्म उद्या समितीपुढे जाईल. ही खूण खोटी आहे हे कळल्यावर मी सही करू शकत नाही. खूण बदलली तर समिती म्हणेल, आधी त्यांना सांगा, सावरू द्या, मग बघू. तोवर जागा पुढच्या नावाला जाईल."

"म्हणजे आजच सांगायचं," ताई म्हणाली.

"नाही," दादा म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी दादा अडीच महिने मनोरुग्णांच्या वॉर्डात होता. घरात त्या काळाला 'दादा बाहेरगावी होता तेव्हा' असं म्हणतात, अजूनही. त्याच काळात बाबा खाली दुकानात वारले. दादाला वॉर्डात सहा आठवड्यांनी, डॉक्टरांसमोर सांगितलं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं, दादाही हळूहळू सावरला, कामावर रुजू झाला. तेव्हापासून कोणत्याही चर्चेत तो 'नाही' म्हणाला की घर जागच्या जागी थांबतं. त्या नाहीच्या पलीकडे काय असेल ते बघायची कोणाची छाती होत नाही.

"दादा म्हणतोय तर राहू दे," आई लगेच म्हणाली. "जागा गेली तर गेली. मी आहे ना."

"आई, तुला खुर्चीतून उठता येत नाहीये," ताई म्हणाली. "वहिनी, तू बोल काहीतरी." दादाच्या बाजूनं आणखी एक मत पडणार हे धरूनच तिनं विचारलं होतं.

"सांगा त्यांना," वहिनी म्हणाली.

दादानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तू तरी..."

"मी तरी म्हणूनच."

"तुला आमचा छटाक जड झाला होता का गं?" आईचा आवाज चढला.

"आई, छटाकभाऊजी मला कधी जड झाले नाहीत. तो फोन झालाय." वहिनी दातांच्या दवाखान्यात बसते, तिथे दिवसभर दुखऱ्या लोकांशी मऊ आवाजात बोलावं लागतं, तो आवाज तिनं इथेही सोडला नाही. "सहा वाजायला आले की हे शर्ट नीट करतात. घसा खाकरतात. मी टीव्ही बारीक करते. पोरीचं शाळेतलं नाटक होतं, तिचं एक वाक्य होतं त्यात, एकच, आणि सहाला हे उठून बाहेर. नऊ वर्षं रोज सहाला माझ्या घरी माझे सासरे येतात, आई. जिवंत होते तेव्हा वर्षातून दोनदा यायचे."

ताईला हसू आलं आणि तिनं ते गिळलं.

जे वहिनीनं सांगितलं नाही ते असं, की त्या फोनचा तिला जेवढा राग होता तेवढाच आधारही होता. दोन वर्षांपूर्वी दादाचं औषध बदललं तेव्हा पंधरा दिवस त्याची झोप गेली, अन्न गेलं, दाढी वाढली. चुकला नाही तो एक फोन. चार मिनिटांचा. 'जेवलास का? काय पुसलंस आज? पाचशे ग्रॅमचं चकाकतंय का?' आणि दर वेळी शेवटी पलीकडून छटाक विचारायचा, 'औषध घेतलं का?' दादा 'घेतलं' म्हणायचा आणि फोन ठेवून खरंच घ्यायचा. बाबांनी उभ्या जन्मात कधी गोळी घेतली नव्हती. छटाकनं हे वाक्य आईकडून उचललंय, असं दोघं नवराबायको समजत होती.

"आणि बंद झाल्यावर?" दादा टेबलाकडे बघत म्हणाला. "सहाला मी काय करू?"

ताईनं इतका वेळ बाईंच्या बाजूनं किल्ला लढवला होता, पण भावाचा तो आवाज ऐकून तिचा धीर सुटला. तो आवाज तिनं एकदाच ऐकला होता, त्याला वॉर्डात नेण्याच्या आदल्या दिवशी.

"राहू दे ना मग," ती बाईंना म्हणाली. "फॉर्मवर काय, काहीतरी लिहिता येईल. महिनाभर फोन चालू ठेवू, मग हळूहळू आठवड्यातून एकदा..."

आता सगळ्या माना आईकडे वळल्या. आई मात्र दादाकडे बघत होती.

"फोन छटाकसाठी आहे ना रे?" तिनं विचारलं.

दादानं शर्ट नीट केला.

आई सावकाश टेबलाला धरून उठली. मदतीला आलेला ताईचा हात तिनं झटकला. "सांग त्याला," ती म्हणाली. "आणि तूच सांग. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्याला वाटेल आपण सगळे मिळून त्याच्या बापाची चुगली करतोय."

"समोर बसून मला जमणार नाही."

"मग फोनवर सांग. फोनवर सुरू केलंस, फोनवरच संपव."

बाईंनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. झोपले, दूर गेले असले शब्द नकोत. मेले म्हणा, लागलं तरी मेले म्हणा. आणि सांगून झाल्यावर थांबा. ती जागा बोलून भरू नका.

सहाला पाच कमी असताना दादा उठला. "पाय मोकळे करून येतो," तो सवयीनं म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

दुकानात छटाक वजनपेटी मिटत होता. त्याच्याकडे न बघता दादा रस्त्यावर आला, पलीकडच्या फूटपाथवर गेला आणि विजेच्या खांबामागे घराकडे पाठ करून उभा राहिला. रविवारी इथे असला की तो याच खांबामागे उभा राहायचा. खांब वीतभर रुंद होता आणि दादा त्याच्या तिप्पट, पण पाठ केली की माणसाला आपण लपलोय असं वाटतं.

वॉर्डात सोडायला बाबा आले होते. दारात म्हणाले, जरा मन घट्ट करायचं रे, एवढं काय झालंय. दादा म्हणाला होता, तुम्ही परत येऊ नका. ते आले नाहीत. वॉर्डात सहाला फोन करू देत. रोज आई बोलायची, छटाक बोलायचा, मागे बाबांचं खोकणं ऐकू यायचं आणि ते फोनवर यायचे नाहीत. मग एका गुरुवारपासून खोकणंही बंद झालं. छटाक सांगायचा, बाबा कामावर आहेत.

बाप आपल्यावर रुसून मेला, असा हिशेब दादानं मांडला होता. घरी आल्यावर त्यानं जुन्या सवयीनं सहाला फोन लावला, तर छटाक न विचारता म्हणाला, बाबा कामावर आहेत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही, असं दादानं धरलं. तीन आठवडे त्यानं ते ऐकून घेतलं आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, 'मी बोलतोय. बाबा. कामावरून.' पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग छटाक म्हणाला, 'हो बाबा.' त्या दिवसापासून बाबा रोज विचारू लागले, जेवलास का, झोप लागली का. खऱ्या बाबांनी असलं कधी कोणाला विचारलं नव्हतं. आपल्याला हवे होते ते बाबा आपण त्याला दिले, एवढं तरी आपल्या हातून चांगलं झालं, असं दादा मानत होता.

त्यानं नंबर लावला.

वर, जिन्याच्या तोंडाशी, खिडकीला लागून ठेवलेला फोन वाजला. छटाक हात पुसत आला. त्याच्या हातांना पितळ पुसायच्या पावडरीचा वास येत होता. आई, ताई, वहिनी आणि बाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. इतक्या जणी का जमल्यात ते त्यानं विचारलं नाही.

"हॅलो. हो बाबा." तो ऐकत होता. "हो, जेवलो." पुन्हा ऐकत होता. "दोनशे ग्रॅमचं."

मग त्यानं रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला. आईला त्याची पाठ तेवढी दिसत होती, रुंद आणि जराशी वाकलेली, थेट बाबांची. तिनं ताईचा दंड धरला. छटाकनं खिडकीतून खाली पाहिलं. मग रिसीव्हरवर तळहात दाबला, गिऱ्हाईक फोनवर असताना दाबायला बाबांनी शिकवलं होतं तसा, आणि वळला. तो रडत नव्हता. तो चिडला होता.

"आई," तो म्हणाला, "दादाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"बाबा मेले ते. तू म्हणालीस, दादाला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. मग कोणी सांगितलं?" त्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्याची नजर घरातल्या एकुलत्या एक नव्या माणसावर थांबली. "बाईंनी?"

आईच्या डोळ्यांपुढे तो गुरुवार उभा राहिला. ती खालून धापा टाकत वर आली होती आणि त्याच क्षणी फोन वाजायला लागला होता. सहा वाजले होते. वॉर्डातून दादा. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून तिनं छटाकला पुढे ढकललं होतं. 'दादाला सांगायचं नाही. विचारलं तर बाबा कामावर आहेत म्हण. तो आजारी आहे, तो काहीही म्हणाला तरी हो म्हणायचं, वाद घालायचा नाही.' छटाकनं फोन घेतला, तसंच बोलला, ठेवला. आणि हात धुऊन चहाला बसला.

"दादा म्हणाला, मी बाबा," छटाक म्हणाला. "मी हो म्हटलं. तू म्हणालीस हो म्हणायचं."

"अरे, किती दिवस, ते मी सांगितलं नव्हतं का रे?"

छटाकनं खरोखर आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "ते नव्हतं सांगितलं."

फॉर्मवर ताईनं जी एक खूण डोळे मिटून खोटी केली होती, तेवढीच त्यात खरी निघाली होती. आई भिंतीला टेकली. मुलाला काही कळत नाही हे ती चव्वेचाळीस वर्षं जगाला सांगत आली होती, आणि तिनं घाईत टाकलेला एक शब्द तो नऊ वर्षं एकट्यानं सांभाळत होता. तिला त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

"आता सांगितलं तरी चालेल, राजा," ती म्हणाली. "सगळं सांगितलं तरी चालेल."

"सगळं?"

"सगळं."

छटाकनं रिसीव्हरवरचा हात काढला. "दादा," तो म्हणाला. या फोनवर नऊ वर्षांत पहिल्यांदाच. "वर ये. खांबामागे आहेस ना, दिसतोस तू."

दादा जिना कसा चढला ते त्याला नंतर आठवलं नाही. मोबाइल अजून कानाला होता. छटाकनं त्याला आपल्या बॅगेवर बसवलं, कारण तिथे दुसरं काही नव्हतं, आणि स्वतः पायरीवर बसला. वहिनी पुढे यायला निघाली तर बाईंनी नुसता हात वर केला आणि ती थांबली.

"गुरुवार होता," छटाक म्हणाला. तो असा बोलत होता जसं काही कालच घडलंय आणि उद्या कोणी पडताळून पाहणार आहे. "बाबा म्हणाले, छातीत भरून आलंय, जरा टेकतो. म्हणाले, सहाला दादाचा फोन येईल. आज मी बोलणार आहे. पावणेसहाला मला उठव. मी उठवलं. ते नाही उठले. मी परत उठवलं. मग त्यांचा हात गार होता. म्हणजे मेले. मग मी काट्यांवर फडकी घातली आणि वर आलो. तुला फोनवर सांगणार होतो. आई म्हणाली नको."

"बोलणार होते?" दादानं विचारलं.

"हो."

"माझ्याशी?"

"हो. सहाला."

"काय बोलणार होते?"

छटाकनं विचार केला. इथे काहीतरी छानसं सांगून टाकावं असं तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं. त्याला तसलं काही येत नव्हतं.

"ते नाही सांगितलं," तो म्हणाला. "मला उठव, एवढंच म्हणाले."

दादा रडला. वॉर्डात रडला नव्हता, बाबांचं कळलं त्या दिवशीही रडला नव्हता. छटाकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो वजन ठेवतात तसा अलगद, न हलवता ठेवून दिला. आई आतल्या खोलीत गेली. ताईनं लोंबकळणारा रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

बाईंनी आणखी दहा मिनिटं जाऊ दिली. मग ते पान घेऊन त्या पायरीजवळ आल्या. "हे 'बाबांचा फोन' मी खोडते," त्या म्हणाल्या. "सहाला आता काही नको ना?"

"नको कसं?" छटाक घाबरला. "त्याला आता कळलंय. आता तर रोज करायलाच लागेल."

"दादा करतील?"

"मी करणार. तिकडून. तुमच्याकडे फोन आहे ना?"

"आहे."

"मग लिहा. सहाला दादाला फोन."

बाईंनी लिहिलं. "आणि कधी राहून गेला तर? काय होईल?"

छटाकनं दादाकडे पाहिलं. या वेळी काय बोलायचं हे विचारायला नव्हे. दादाचं नाक लाल झालं होतं, शर्ट चुरगळला होता, आणि तो भावाकडे बघत होता.

"कोणीतरी विचारायला पाहिजे त्याला," छटाक म्हणाला. "औषध घेतलं का ते."

बाईंनी तसंच लिहिलं.